सोजरबाईंनी सांगितलेलं नाव

सोजरबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा झाली. शोकसभा कसली, परिपाठ संपल्यावर दोन मिनिटं शांतता आणि मग हेडसरांचं ठरलेलं वाक्य, ‘प्रियदर्शनीबाई, आपण दोन शब्द बोला.’ मी बोलले. सोजरबाई शाळेच्या सेविका नव्हत्या, आई होत्या, त्यांची पोकळी भरून निघणार नाही, वगैरे वगैरे. सव्वीस वर्षं बालवाडी शिकवल्यावर असली वाक्यं तोंडात तयारच असतात. दोघीतिघींनी डोळे पुसले. एक जण तर म्हणाली, बाई, किती मनापासून बोललात. धरणीनं तिथल्या तिथे पोटात घ्यावं असं मला झालं.

कारण जे बोलायला हवं होतं ते मी बोललेच नव्हते. ते आता सांगते.

आमची शाळा येरवड्यात, सरकारी. मी राहते कर्वेनगरला. दोन बस बदलून येते आणि शाळेत पोचेपर्यंत निम्म्या पुण्यावर चिडून झालेलं असतं. स्वभाव म्हणाल तर तिरकस. आम्ही कुणाचा अपमान केला तर शुद्ध मराठीत करतो आणि समोरच्याला तो घरी गेल्यावर कळतो, असा मला अभिमान होता. होता म्हणते आहे, लक्षात घ्या.

सोजरबाई मूळच्या खराडीच्या, शेतकऱ्याघरच्या. ज्या रानात त्यांनी लहानपणी हरभरा उपटला तिथं आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांचे भाऊ मोठ्या गाड्यांतून फिरतात. जमीन विकायच्या आधी भावांनी हक्कसोडपत्रावर त्यांचा अंगठा घेतला आणि साडीचोळी देऊन बोळवण केली. मी एकदा म्हटलं, ‘अहो सोजरबाई, कोर्टात जायचं.’ तर म्हणाल्या, ‘जाऊन काय करू बाई? पोटी लेकरू असतं तर भांडले असते.’ नवरा, गेनबा, आमच्याच शाळेत शिपाई होता. तो गेला आणि अनुकंपावर त्याची जागा सोजरबाईंना मिळाली. मूलबाळ नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. पगाराच्या सहीपुरतं नाव गिरवायला मीच शिकवलं, आणि तो उपकार मी त्यांना अधूनमधून आठवूनही द्यायची.

काम म्हणाल तर झाडणं, पाणी भरणं, बालवाडीच्या पोरांची नाकं पुसणं आणि घंटा वाजवणं. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक हातोडा. वीसेक वर्षं त्या तो तुकडा बडवत होत्या. त्यांचा त्यावर एक सिद्धांत होता. ‘बाई, पोरांचे कान पायात असत्यात,’ असं त्या म्हणायच्या. म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोराचं डोकं वहीतच असतं, पण पाय आधी उठतात. कुणाला ताप आहे, कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाचं पोट रिकामं आहे, हे त्यांना पायांवरून कळायचं. मी हसायची. बालमानसशास्त्राची पदविका माझ्याकडे होती, त्यांच्याकडे हातोडा.

साडेचार वर्षांपूर्वी जूनमध्ये ऋतुजा माझ्या वर्गात आली. वय साडेतीन. आईवडील वाशीमकडचे. बाप योगेश हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो, पहाटे चारला घर सोडतो. आई दीपमाला धुण्याभांड्याची कामं करते. पोरगी तरतरीत, डोळे कसे सगळीकडे. बोलायची मात्र चार-दोन शब्द, तेही अर्धेमुर्धे. आईला विचारलं तर म्हणाली, ‘दोन वर्साची असताना लय ताप आला होता जी. तवापासून कमी बोलते. तिचा बापही उशिरानंच बोलला म्हणते सासू.’ मी मनात म्हटलं, वऱ्हाडातलं पोर आहे, आपली भाषा कळत नसेल. पुण्यात राहील तशी सुधारेल. आपल्या भाषेचा इतका ताठा की मूल बोलत नाही म्हणजे त्याला आपलं पुणेरी मराठी झेपत नाही, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

सोजरबाईंची गेली. ऑगस्टमध्ये एके दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘बाई, त्या ऋतुजाला ऐकाया येत न्हाय.’

मी म्हटलं, ‘कशावरून?’

‘घंटा झाली की ती आधी पोरांकडं बघती. पोरं उठली की मग हिचे पाय उठत्यात.’

‘सोजरबाई,’ मी म्हटलं, ‘तुम्ही घंटा वाजवा, कान आम्ही बघतो.’ शेजारच्या वर्गातली बाई हसली. मलाही माझं वाक्य आवडलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, चहापेक्षा किटली गरम म्हणतात ती आमच्या शाळेत आहे.

पण सोजरबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन दिवसांनी मी सगळ्या मुलांना डोळे मिटून ‘ध्यान’ करायला बसवलं होतं. हा माझा लाडका कार्यक्रम, तेवढीच पाच मिनिटं कान निवतात. आणि सुट्टीला अजून वीस मिनिटं असताना घंटा झाली. दाणदाण. वरच्या मजल्यावरची सातवीपर्यंतची पोरं डबे घेऊन जिन्यावरून लोंढ्यानं खाली आली. माझा अख्खा वर्ग डोळे उघडून दाराकडे पळाला. एकटी ऋतुजा भिंतीशी डोळे मिटून, हात जोडून बसली होती. दाराशी सोजरबाई उभ्या, हातात हातोडा. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, ‘बगा.’

मी बघितलं. खोटं कशाला बोलू, बघितलं. पण तेवढ्यात हेडसर ओरडत आले, सातशे पोरं मैदानात, कुणी आत जाईना, एका शिक्षिकेचा चहा सांडलेला. सोजरबाईंना लेखी समज मिळाली. तो कागद त्यांना वाचून मीच दाखवला. ‘कर्तव्यात गंभीर हलगर्जी’ असं त्यात होतं. त्यांनी अंगठा नाही, सही केली, आणि विचारलं, ‘पण बाई, पोरीचं काय करायचं?’

मी म्हटलं, ‘डिसेंबरात आरोग्याचं पथक येतंय. डॉक्टर बघतील. आपण डॉक्टर आहोत का?’ त्यांना ते पटलं. डॉक्टर बघतील म्हटल्यावर त्या महिनेन् महिने त्या गाडीची वाट बघत होत्या.

आता तपासणीचं सांगते. शासनाची ही योजना चांगली, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. शाळेत गाडी येते, डॉक्टर आणि नर्स येतात, डोळे, दात, कान, वजन, सगळं बघतात. ज्या मुलात दोष सापडेल त्याचं नाव यादीवर जातं. मग मोठ्या रुग्णालयात पुढच्या तपासण्या, कानाचं यंत्र, लागली तर शस्त्रक्रिया, बोलायला शिकवणारे तज्ज्ञ, सगळं फुकट. फक्त यादीत नाव हवं.

पण आमच्या खात्यातल्या माणसानं ‘तपासणी’ हा शब्द ऐकला की तो काय करतो? भिंती पुसतो, तक्ते लावतो आणि हुशार मुलं पुढे बसवतो. साहेब गणिताचा असो की दाताचा. डॉक्टर मुलांना तपासायला येतात, आपल्याला नव्हे, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. शिवाय आदल्या वर्षी मोठ्या गटाच्या बाईंनी दोन नावं लिहून दिली होती, त्यांचे हाल मी बघितले होते. नाव लिहिलं की ते बाईंच्या गळ्यात. पालकांना घेऊन रुग्णालयात खेपा घाला, पालक आले नाहीत तर खुलासा द्या, संगणकावर भरा, साइट बंद असेल तर परत भरा. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? त्या बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी आपलं निरंक. ‘निरंक’ हा आमचा सगळ्यात आवडता शब्द. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून तिथं ‘काहीही नाही’ असं लिहायचं.

मी आठवडाभर मुलांची तयारी करून घेतली. पाच-पाच जणांच्या रांगा. डॉक्टर मागे उभे राहून टाळी वाजवतील, टाळी झाली की हात वर. गंमत म्हणून मुलं शिकली. ऋतुजाला मी ऋषीच्या शेजारी बसवलं. ऋषी चलाख पोरगा, सगळ्यात आधी हात वर करायचा. का बसवलं? ती लाजाळू आहे, बुजेल, वर्ग वाईट दिसेल, असं मी स्वतःला सांगितलं. मला ठाऊक होतं का? निम्मं ठाऊक होतं. उरलेलं निम्मं मी ठाऊक करून घेतलं नाही.

पथक आलं. डॉक्टर तरुण होते, दमलेले, त्यांना त्या दिवशी अजून दोन शाळा करायच्या होत्या. सोजरबाई सकाळपासून वर्गाच्या दाराशी घुटमळत होत्या. त्या तोंड उघडणार हे मला दिसत होतं. मी म्हटलं, ‘सोजरबाई, साहेबांना चहा आणा. टपरीचा नको, चौकातल्या हॉटेलातला आणा.’ चौक दहा मिनिटांवर. त्या गेल्या.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. ऋषीचा हात वर गेला आणि पापणी लवते न लवते तोच ऋतुजाचा. इतकी हुशार पोरगी होती ती. डॉक्टर म्हणाले, ‘छान. बाई, तुम्ही रोज बघता मुलांना. कुणाच्या ऐकण्याबोलण्याबद्दल काही शंका?’ त्यांनी विचारलं होतं. रीतसर, थांबून, माझ्याकडे बघून विचारलं होतं.

मी म्हटलं, ‘निरंक.’

सोजरबाई किटली घेऊन आल्या तोवर गाडी सुरू झाली होती. दुपारी झाडून घेताना त्यांनी विचारलं, ‘त्या पोरीचं नाव लिवलं ना बाई?’ मला चारची बस पकडायची होती. नाही म्हटलं असतं तर पुढे ‘का’ आलं असतं, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी पर्स आवरता आवरता म्हटलं, ‘लिहिलं हो.’

एवढंच. दोन शब्द. वाचता येत नसलेल्या बाईशी खोटं बोलणं किती सोपं असतं.

त्या संध्याकाळी फाटकाशी सोजरबाईंनी दीपमालाला गाठलं. पोरीचं नाव यादीत गेलंय, बोलावणं येईल, सगळं सरकार करील, भिऊ नको, असं सांगितलं. हे मला फार पुढे कळलं. आणि हेही कळलं, की योगेशनं त्याच आठवड्यात दोन दिवसांची रजा काढली होती, पोरीला मोठ्या रुग्णालयात दाखवायला. नाव लागलंय म्हटल्यावर त्यानं रजा रद्द केली. आपण नंबर सोडून मध्येच गेलो तर यादीतून नाव कापतील, अशी भीती त्याला वाटली. गरीब माणूस रांगेला किती मान देतो बघा.

मग सुरू झालं वाट बघणं. दर महिन्याला सोजरबाई विचारायच्या, ‘आलं का वो बोलावणं?’ मी म्हणायची, ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब.’ सहा महिने झाले. नवं वर्ष सुरू झालं, ऋतुजा मोठ्या गटात गेली, शिक्षिकांच्या बदलीमुळे तो वर्गही माझ्याकडेच आला. सोजरबाई म्हणायच्या, ‘मी जाऊन इचारू का त्या हापिसात?’ मी म्हणायची, ‘तुम्हाला कोण उभं करणार तिथं?’ दरम्यान पोरगी होते ते शब्दही विसरत चालली होती. आधी ‘पाणी’ म्हणायची, आता नुसतं बोट दाखवायची. हे मी रोज बघत होते. एक कागद लिहून रुग्णालयात पाठवणं तेव्हाही माझ्या हातात होतं. पण मग आधीच्या ‘निरंक’चं काय, ही भीती. एका खोट्याला झाकायला दुसरं, आणि मध्ये एक लेकरू.

ऑक्टोबरात ऋतुजाला पाच वर्षं पूर्ण झाली. तिच्या आईनं वर्गात चॉकलेटं वाटली. मी दोन घेतली.

नोव्हेंबरात पथक न कळवता एक दिवस आधीच आलं. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी रांगाबिंगा लावल्या नाहीत. मुलं ठोकळे खेळत होती, तिथं मागे जाऊन एकेकाच्या कानामागे हळूच नाव घेतलं, मग टाळी, मग स्टीलच्या ताटावर चमचा. ऋतुजा ठोकळे रचत राहिली. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून मला विचारलं, ‘ही किती दिवस अशी आहे?’

यादीत नाव गेलं. आणि ज्या खेपा वाचवायला मी निरंक सांगितलं होतं त्या सगळ्या मला घालाव्याच लागल्या. मोठ्या रुग्णालयात ऋतुजाला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं. दोन्ही कान जवळजवळ गेलेले, बहुधा त्या तापानंच. तिथल्या डॉक्टरांनी दीपमालाला समोर बसवून समजावलं, की कानात यंत्र बसवायची एक शस्त्रक्रिया असते, तिनं अशी मुलं चांगली ऐकू-बोलू लागतात. शासनाकडून ती फुकट होते. पण ज्या योजनेत ती बसते तिला वयाची अट आहे, पाच वर्षांच्या आत. ‘दीड महिना उशीर झाला, ताई. खरं तर वर्षभर आधी आली असती तर फार बरं झालं असतं.’ बाहेरून करायची तर ती योगेशच्या सात पिढ्यांच्या आवाक्यात नव्हती. त्यांनी ट्रस्टचे उंबरे झिजवले, अर्ज केले, पण जमलं नाही.

दीपमाला रुग्णालयातून तडक शाळेत आली. मी तिच्यासोबत होते. सोजरबाई व्हरांड्यात केर भरत होत्या. दीपमाला त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘मावशी, तुमी सांगतलं होतं, नाव लिवलं मनून. वर्सभर आमी वाट पाह्यली. नावच नोतं थ्या कागदावर.’

सोजरबाईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. त्यांना पायांवरून सगळं कळायचं, मला वाटतं त्या दिवशी माझ्याही पायांवरून कळलं असेल, कारण मी एक पाऊल मागे सरकले होते. मग त्या दीपमालाला म्हणाल्या, ‘माजं चुकलं गं. बाईंना सांगायचंच मी इसरले. त्यांच्या कानावर घातलंच न्हाय.’

दीपमाला जे बोलायचं ते बोलली. ‘तुमच्या पोटी लेकरू असतं तं तुमाले समजलं असतं,’ असं बोलली. पुन्हा माझ्या पोरीला हात लावायचा नाही, असं बोलली. सोजरबाई सुपलीत केर घेऊन उभ्या होत्या. आणि मी, बालमानसशास्त्राची पदविका, शेजारी हजेरीपट छातीशी धरून उभी होते.

दीपमाला गेल्यावर मी विचारलं, ‘का असं केलंत?’

त्या म्हणाल्या, ‘आता त्या पोरीची यंत्रं, कागद, समदं तुमच्याच हातनं व्हायचं हाय. तुमच्यावरचा इस्वास उडाला तर तिची आई तिला शाळंतच धाडायची न्हाय. माज्यावर नसला तरी कुणाचं अडत न्हाय.’ आणि केर टाकायला निघून गेल्या. त्यांनी मला एक शिवी तरी द्यायला हवी होती. दिली नाही. आजवर कुणी माझी इतकी किंमत केली नव्हती.

ऋतुजाला दोन्ही कानांना बाहेरून लावायची यंत्रं मिळाली, तीही फुकट. दर बुधवारी केदारसर शाळेत येऊ लागले. हे बोलायला शिकवणारे तज्ज्ञ, कंत्राटी, वयानं माझ्या मुलाएवढे. खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून त्यांना दिली. मेणबत्तीवर फुंकर मारायला लावणं, आरशात जीभ दाखवणं, एकेक अक्षर घासून घेणं चालायचं. मी एकदा त्यांना विचारलं, ‘होईल ना हो नीट?’ ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, ‘बाई, भाषा यायची जी वर्षं असतात ती निघून गेली. मुलगी हुशार आहे, मेहनत करते. पण यंत्रातून तिला आवाज येतो, शब्द पुरता येत नाही. समोरच्याचं तोंड दिसलं तर ती पकडते. बाई फळ्याकडे वळल्या की तिचा वर्ग संपला.’

सोजरबाई निवृत्त होईपर्यंत दर बुधवारी ती खोली त्या आधी झाडायच्या आणि ऋतुजा यायच्या आत तिथून निघून जायच्या. दीपमालानं बजावलं होतं ना. ती रस्त्यात दिसली तरी तोंड फिरवून जायची, आणि सोजरबाई ‘बरोबर हाय तिचं’ म्हणायच्या. मी ऐकून घ्यायची. तीन वर्षं मी ते ऐकून घेतलं.

या पौषात सोजरबाईंचा दमा वाढला. मी बघायला गेले. दहा बाय दहाची खोली, भाचेसून उशाशी. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, ‘सोजरबाई, मला माफ करा.’ मला रडू आलं. खरं सांगते, त्या ‘असू द्या बाई’ म्हणतील, अशी माझी खात्री होती. तेवढं ऐकून मोकळं व्हायलाच मी गेले होते.

त्यांनी हात सोडवून घेतला. दम खात म्हणाल्या, ‘मला कशापायी मागता? माजं काय गेलं? चार शब्द आईकले, वाऱ्यावर गेले. जिचं गेलं तिच्याकडं जावा.’

‘ती आठ वर्षांची आहे, सोजरबाई. तिला काय कळणार?’

‘कळंल तेवडं कळंल,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी सांगायचं काम करा.’

मी हो म्हटलं आणि गेले नाही. आठ दिवसांनी सोजरबाई गेल्या. शोकसभेत मी ते लोणकढं भाषण ठोकलं. त्यानंतरही तीन आठवडे मी रोज उद्यावर ढकलत राहिले. शेवटी परवा रविवारी गेले.

योगेश कामावर होता. दीपमालानं हसून या म्हटलं, खुर्ची पुसून दिली. आम्हाला तुमच्यामुळे यंत्रं मिळाली, बाई, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मग ती मोरीत भांडी घासायला बसली, नळ मोठा सोडून. ऋतुजा माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिनं मराठीची वही दाखवली, अक्षर फार सुरेख. मी ठरवूनच आले होते, की हिला सांगायचं, आईला नाही. नळाच्या आवाजात सांगायचं, हळू सांगायचं. सोजरबाईंना दिलेला शब्द पाळला जाईल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. इतकं झाल्यावरही माझी अक्कल अशी चालत होती.

मी वहीकडे बघत, मान खाली घालून म्हटलं, ‘ऋतुजा, तुला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. सोजरबाईंनी मला सांगितलं होतं. मी तुझं नाव लिहिलं नाही. चूक माझी आहे, सोजरबाईंची नाही.’

तिनं वाकून माझ्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. मग केदारसरांनी शिकवल्याप्रमाणे, न लाजता, एकेक अक्षर वेगळं करत म्हणाली, ‘बाई, नाही कळलं. वर बघा. मोठ्यानं सांगा.’

तिचा चेहरा स्वच्छ होता. माझं तोंड नीट दिसावं म्हणून ती पुढे सरकून बसली होती आणि डोळे माझ्या ओठांवर लावून वाट बघत होती. ‘काही नाही, छान अक्षर आहे’ असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

मी मान वर केली आणि परत सांगितलं. तिला पोचेल इतक्या मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. मला ठाऊक होतं. सोजरबाईंनी सांगितलं होतं. मी नाव लिहिलं नाही.

मोरीतला नळ बंद झाला. ऋतुजा अजून माझ्या ओठांकडेच बघत होती, पुढे काय म्हणून. दीपमाला ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती मला बोलेल. मी त्यासाठी तयार होते, उलट तिनं बोलावं असंच मला झालं होतं.

ती भिंतीला धरून खाली बसली आणि म्हणाली, ‘मंग थ्या मावशीले मी जे बोलली, थे आता कोनाले जाऊन सांगू?’